कानसेनाचा अ‍ॅम्प्लिफायर

दादाला कमी ऐकू यायला लागलंय हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि कळूनही मला काही करता आलं नाही. माझ्यासारखीनं तोंड बंद ठेवायचं म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. लहानपणापासून दादा मला टिटवी म्हणतो. माझा आवाज पातळ, चिरका आणि तो कधी थांबत नाही, असं त्याचं म्हणणं. तोच दादा एकदा जेवताना मला म्हणाला, "टिटवे, तू हल्ली पुटपुटतेस का गं?" मी आणि पुटपुटते! घास हातातच राहिला माझा.

आमचा दादा विजेच्या मोटारींच्या कारखान्यात आहे. पंपात, पंख्यात बसतात त्या मोटारी. तयार झालेली प्रत्येक मोटार शेवटी त्याच्या टेबलावर येते. तो ती चालू करतो, लाकडी मुठीच्या लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवतो, मूठ कानामागच्या हाडावर दाबतो आणि डोळे मिटतो. आतलं बेअरिंग नीट बसलेलं नसेल तर मोटारीच्या घरघरीवर एक बारीक शीळ येते. शीळ आली तर मोटार बाजूला. नाही आली तर दादाचा शिक्का. तिथे तपासायची यंत्रंही आहेत, पण यंत्रानं पास केलेल्या मोटारी दादानं परत पाठवल्यात आणि उघडल्यावर तो बरोबर निघालाय. म्हणून कारखान्यात त्याला कानसेन म्हणतात. घरीसुद्धा नळ गळत असला, फ्रिजचा स्क्रू ढिला झाला, की दादा आधी कान वर करायचा, मग आम्हाला कळायचं.

त्या टेबलावर बसणाऱ्याचे कान गेले की त्याला पॅकिंगमध्ये पाठवतात, खोक्यांना पट्ट्या मारायला. दादाच्या आधीचा माणूस तसाच गेला. पगार तोच राहतो, तसं पाहिलं तर तोटा काही नाही. पण त्या माणसाचा विषय निघाला की दादा असा हळू बोलायचा, जसा काही तो वारलाच आहे.

घरात आम्ही तिघं. दादा, वहिनी आणि मी. मी पुढच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं काम करते. चेन बदलणं, उंची कमी करणं, कुणाचं पोट सुटलं की शिवण उसवून देणं. माझ्या मशीनशेजारी एक टेबलफॅन आहे. तो कित्येक दिवस शीळ घालत होता. मी दादाला म्हटलं, याला बघ जरा, डोकं उठतं माझं. त्यानं पंख्यावर हात ठेवला, म्हणाला, "काही झालेलं नाही त्याला. नाटकं करू नकोस." मी म्हटलं, कारखान्यात करून करून घरचं करायचा कंटाळा आला असेल याला. भांडले थोडी आणि सोडून दिलं. 

तर आता स्पीकरांचं सांगते. दादाला गाण्यांपेक्षा नुसत्या वाद्यांच्या तबकड्यांचा नाद. त्यात एक अगदी जिवाभावाची. तीत मोठा वाद्यवृंद वाजता वाजता एकदम शांत होतो, तंतुवाद्यं हळू हळू कुजबुजत राहतात आणि त्या कुजबुजीतून लोखंडाची ती तिकोनी घंटी वाजते. एकदाच. टिंग. ती यायच्या क्षणी दादा बोट वर करायचा. आमच्या घरात पाहुणा आला आणि त्याला ती घंटी न ऐकवता चहा मिळाला, असं झालेलं नाही. पण आमचे जुने स्पीकर म्हणजे डबेच. दादा म्हणायचा, घंटी येते पण पत्र्याची येते, लोखंडाची येत नाही.

कारखान्यातले एक साहेब नोकरी सोडून निघाले, घर मोकळं करताना त्यांनी आपले स्पीकर दादाला अगदी पडत्या भावात दिले. माझ्या कमरेएवढे उंच, अस्सल लाकडाचे. स्वस्त देण्याचं कारण एवढंच, की डाव्या स्पीकरच्या ट्वीटरला पोचा होता. ट्वीटर म्हणजे सगळ्यांत वरचा तो लहान गोल, बारीक आवाज त्यातून येतात. त्याच्या मऊ घुमटीत साहेबांच्या नातीनं बोट खुपसलेलं. आवाजाला काही झालं नव्हतं, पण दादाला तो पोचा डोळ्यांत सलायचा. त्यानं चिकटपट्टी लावून ओढून पाहिला. मग जमिनीवर गुडघे टेकून तोंडानं हवा ओढून पाहिला. वहिनी म्हणाली, "माझ्यापुढे नाही कधी असे गुडघे टेकले तुम्ही." पोचा तसाच राहिला. दर रविवारी मऊ फडक्यानं स्पीकर पुसताना दादा त्या पोच्याशी थांबायचा आणि चुकचुकायचा.

स्पीकर आले, आता त्यांना शोभेल असा अ‍ॅम्प्लिफायर हवा, म्हणजे आवाजाला जोर देणारा तो खोका. आमचा जुना त्यांच्यापुढे लटपटायला लागला. दादानं आम्हाला दोघींना समोर बसवून शिकवणीच घेतली. म्हणाला, हे स्पीकर खादाड आहेत. यांचा ओहम कमी, म्हणजे यांना करंट जास्त लागतो, आणि एवढं खाऊनही आवाज बेतानंच देतात. यांना ताकदीचा अ‍ॅम्प पाहिजे. लोकांना वाटतं मोठा अ‍ॅम्प स्पीकर जाळतो. उलट आहे. लहान अ‍ॅम्पचं बटण फार पिळलं की त्याचा दम संपतो, आवाज फाटतो आणि तो फाटका आवाज सगळा त्या वरच्या बारक्याच्या उरावर बसतो. तो तापतो आणि जळून जातो. मी म्हटलं, "म्हणजे अशक्त माणसाला ओझं दिलं की तो ओझंच टाकतो." दादा म्हणाला, "शहाणी आहेस." त्याच्या तोंडून हे क्वचित येतं म्हणून लक्षात राहिलं.

पैसे बेताचेच होते. घराला रंग द्यायचा बेत होता, तो वहिनीनं गुपचूप पुढे ढकलला. बाजारात जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे, तिथला दुकानदार दादाचा दोस्त. तो अ‍ॅम्प घरी नेऊन वाजवून बघायला द्यायचा. पहिला आणला तो चकाचक, पुढे सुया नाचणारा. दादानं उचलला आणि ठेवला. "हलका आहे. आत धड ट्रान्सफॉर्मरसुद्धा नसेल. नुसता नटवा." वाजवला देखील नाही.

दुसरा जुनाट, काळा, आणि वजनाला असा की दुकानदार आणि दादा दोघांनी मिळून जिन्यावरून चढवला. तो लावला आणि तबकडी ठेवली. काय सांगू, वहिनी भाजी चिरत होती, तिची सुरी थांबली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण घंटी वाजली तेव्हा ती खोलीच्या मध्ये कुठेतरी लटकलेली आहे असं वाटून मी वर बघितलं. दुकानदार म्हणाला, "जोडी जमली. घेऊन टाक, उरलेले सवडीनं दे."

दादा कपाळाला आठ्या घालून बसलेला. "वर पांघरूण टाकल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. "मोकळं नाही. घंटी कुठे आली धड?"

आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. दुकानदार काही बोलायला गेला आणि अ‍ॅम्पच्या तारा सोडवायला लागला. कानसेनापुढे आवाजावर कोण वाद घालणार? तो काळा अ‍ॅम्प परत जिना उतरून गेला. मला रडूच आलं, का ते तेव्हा कळलं नाही.

मग तिसरा. लहानसा, पुस्तकाएवढा. लावल्याबरोबर माझ्या दाढा शिवशिवल्या. वहिनीनं कानावर पदर घेतला. पितळी वाद्यं तर अशी बोचत होती की बस. आणि दादाचा चेहरा उजळला. "हा बोलतो," तो म्हणाला. "ऐक, ऐक, घंटी बघ." टिंग झालं, सुई टोचावी तसं, आणि दादाचं बोट वर.

"खोली लहान आहे म्हणून चालेल," दुकानदार म्हणाला. "पण या स्पीकरांपुढे हा पोरगा आहे. पिळू नकोस."

"मला सांगतोस?" दादा हसला. त्यानं माझा शिलाईचा खडू मागून घेतला आणि अ‍ॅम्पच्या बटणाशी, घड्याळात दहा वाजतात त्या जागी, एक रेघ मारली. "याच्या पुढे कुणी हात लावायचा नाही." जसं काही आम्ही दोघी हात लावायलाच टपलो होतो.

पुढे झालं ते असं. ती रेघ सरकली. एके दिवशी मी धूळ झटकताना बघते तर रेघ अकरावर. दादा म्हणाला, तबकडीच हळू भरलेली आहे. मग रेघ बारावर. "या अ‍ॅम्पचं बटण जरा सुस्त आहे." खालच्या मजल्यावरच्या बाई येऊन दार वाजवून गेल्या, ते दादाला ऐकूच आलं नाही. वहिनी हसत म्हणाली, गाण्यात रंगलेत. मी हसले नाही. मला त्याच वेळी सगळं लागोपाठ आठवलं. पुटपुटतेस का, पंख्याला काही झालेलं नाही, काळ्या अ‍ॅम्पवरचं पांघरूण. 

पुढच्या रविवारी दुपारी मी इस्त्री करत होते आणि तबकडी चालू होती. बटण कुठे होतं ते बघायचं धाडस मला झालं नाही. मध्येच जळका वास आला. मला वाटलं कपडा जळला, इस्त्री उचलून बघितली तर कपडा चांगला. आणि मग लक्षात आलं, आवाज बदललाय. सगळं वाजत होतं, पण शेजारच्या घरात वाजावं तसं. पितळ बोचेनासं झालं, तारांची सळसळ गेली. मी दादाकडे बघितलं. म्हटलं, आता हा उडी मारून उठेल, डोक्याला हात लावेल, त्या बारक्यासाठी हळहळेल.

दादा डोळे मिटून बसलेला. वाद्यवृंद शांत झाला, कुजबुज सुरू झाली, मला ती जेमतेम ऐकू आली, आणि दादानं बोट वर केलं. बरोबर त्याच जागी.

काहीही वाजलं नव्हतं.

"वा," दादा म्हणाला. "आज काय स्वच्छ आली."

तो चहा घ्यायला आत गेला तेव्हा मी स्पीकरच्या वरच्या गोलाला कान लावला. मग दुसऱ्याच्या. दोन्ही मुके.

मी वहिनीला गॅलरीत ओढून नेलं आणि सांगितलं. ती कठड्याला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या मोटारी वाढल्यात म्हणत होते हे. हल्ली बेअरिंगच भिकार येतात म्हणे."

"तुम्ही सांगा त्याला."

"मी? तू सांग. पाठची बहीण आहेस, तुझं वाईट वाटून घेत नाहीत."

"बायको तुम्ही आहात."

"बायको आहे म्हणूनच," वहिनी म्हणाली. "सांगितलं की हे उद्या स्वतःच साहेबाकडे जाऊन पॅकिंग मागतील. आणि मग घरी येऊन कुणाशी बोलायचे नाहीत. मला माहिती आहे हा माणूस."

तापलेलं भांडं या हातातून त्या हातात, तसं आमचं चाललं. खाली ठेवायला जागा कुठेच नव्हती. एकदा धीर करून मी दादाला म्हटलं, "माझे कान तपासून घ्यायचेत, चल की सोबतीला, तुझेपण बघतील." तो खो खो हसला. "डॉक्टरच्या मशीनमध्ये काही बिघाड असेल तर सांग, येतो बघायला."  हात टेकले मी.

शेवटी मला जे सुचलं ते मी केलं. दादा कामावर असताना दुकानदाराला घरी बोलावलं. त्यानं स्पीकर उघडले, तारा लावून बघितल्या, म्हणाला, "दोन्ही गेलेत. बरेच दिवस झाले?" मी हो म्हटलं. "आणि त्याला..." एवढंच तो बोलला. मी त्याच्यापुढे चहा ठेवला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, मी त्याच्याकडे बघितलं नाही. चार दिवसांनी त्याच बनावटीचे ट्वीटर मिळवून त्यानं बसवून दिले. जाताना अ‍ॅम्पचं बटण मागे आणून ठेवलं, जणू त्यानं काही होणार होतं.

एवढा खटाटोप का केला म्हणाल, तर मला एक वेडी आशा होती. आवाज परत आला की दादा दचकेल. म्हणेल, अरे, आज हे काय वेगळंच. म्हणजे अजून थोडं तरी ऐकू येतंय, असं मला धरून बसता आलं असतं. संध्याकाळी त्यानं तबकडी लावली. मला तर सळसळ ऐकूनच भरून आलं. घंटी वाजली, चांगली खणखणीत. दादाचं बोट वर गेलं होतं, तसंच, त्याच जागी, आणि तेच हसू. ना कमी, ना जास्त. घंटी आली काय आणि न आली काय, त्याच्या आत ती वाजतच होती. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

आणि रविवारी त्यानं स्पीकर पुसायला घेतले.

मी मशीनवर एका पँटची उंची कमी करत होते, पंखा शीळ घालत होता. फडकं थांबल्याचं मला जाणवलं. दरवेळी थांबायचं, मग चुकचुक यायची. या वेळी चुकचुक आली नाही. मी मान वर केली. दादा डाव्या स्पीकरपुढे गुडघ्यांवर बसला होता आणि करंगळीचं टोक त्या घुमटीजवळ धरून बघत होता. घुमटी गुळगुळीत, गोल, नवीकोरी. पोचा कुठेच नव्हता. माझ्या डोक्यात नाही आलं, दुकानदाराच्याही नाही. जुन्या ट्वीटरबरोबर पोचाही गेला, हे कुणाच्या ध्यानात येणार?

"हा बदललाय," दादा म्हणाला.

मी पँट पुन्हा सुईखाली सरकवली.

"टिटवे. हा कधी बदलला?"

"मागच्या आठवड्यात."

"का?"

"जळला होता. दोन्ही जळले होते."

दादा हिशेब करत होता ते मला दिसत होतं. मागच्या आठवड्यात बदलला, त्याआधी जळला, त्याआधी. मधल्या दिवसांत त्यानं शेजाऱ्यांना बोलावून घंटी ऐकवली होती. कारखान्यातल्या दोघांनाही. ते बिचारे मान डोलावून गेले होते. वहिनी दारात येऊन उभी राहिली, तिच्या हाताला पीठ तसंच.

"मला सांगितलं का नाही?" तो म्हणाला, पण भांडायच्या आवाजात नाही. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर मीही ओरडले असते, ते मला जमतं.

"कसं सांगू दादा?" मी म्हटलं, आणि माझा आवाज खरंच पुटपुटल्यासारखा आला. त्यानं माझ्या ओठांकडे बघितलं. किती दिवस तो तसा बघत होता कुणास ठाऊक.

तो उठला. खुंटीवर त्याची कामाची पिशवी होती, तीतून त्यानं लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला. माझ्याजवळ आला, टोक टेबलफॅनच्या मागच्या गोल भागावर टेकवलं, मूठ कानामागे दाबली आणि डोळे मिटले. मी त्याला असं करताना लहानपणापासून बघत आलेय. तसाच उभा राहतो, डावा खांदा जरा उतरवून.  बराच वेळ तो तसा उभा होता.

"घरघर येते," तो म्हणाला. "नुसती घरघर. शीळ आहे का यात?"

"आहे."

"कधीपासून?"

"तुला सांगितलं होतं ना, तेव्हापासून."

त्यानं पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत वाट बघितली. "आता?"

"आता नाही."

पंखा चालू केला. मूठ कानाला. "आता?"

"आहे दादा."

"मग मी इतके दिवस पास काय केलं?" तो म्हणाला. हे त्यानं मला विचारलं नव्हतं, वहिनीलाही नाही. वहिनी म्हणाली, "अहो, बसा जरा," पण तो बसला नाही. त्यानं पुन्हा पंखा बंद केला, पुन्हा चालू केला. स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या कानाला लावून पाहिला. "आता?" मी हो म्हणत होते, नाही म्हणत होते. एकदा तरी खोटं बोलावं असं मनात आलं, पण कुठलं खोटं त्याच्या कामाचं होतं तेच मला कळेना.

नंतर नंतर त्यानं डोळे मिटणं सोडलं. पंखा लावायचा, बंद करायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, कारखाना होता.